जुन्या गाडीत पेट्रोलचा वास : आधी वास कधी येतो ते बघा, मग पाना हातात घ्या

तुमचा प्रश्न वाचला. 1998 ची कार्बोरेटरवाली मारुती 800, वडिलांनी घेतलेली, घरात सगळ्यांचा जीव गुंतलाय म्हणून विकायची नाही, आणि गेले दोन महिने आत पेट्रोलचा वास मारतोय. मिस्त्रीने कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलून नवीन किट टाकलं, फ्युएल पंपाजवळचा पाइप बदलला, तरी वास आहे तसाच. टाकी फुल केली की जास्त येतो, मागे बसलेल्या मुलांचं डोकं दुखतं, आणि काचा खाली केल्या तर कमी व्हायचं सोडून वाढतो. आता मिस्त्री म्हणतोय अख्खा कार्बोरेटर बदला. तर बदलू का, आणि तोवर गाडी वापरू का, असे तुमचे दोन प्रश्न.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, खाली फ्लोअरवर, सीटखाली, डिकीच्या खोलगट भागात साचते, आणि हवेत साधारण दीड टक्का मिसळली तरी पेटायला पुरते. म्हणून गाडीखाली, इंजिनवर, टाकीजवळ कुठेही ओलं पेट्रोल दिसलं, थेंब दिसला, तर गाडी स्टार्टच करायची नाही, ढकलून उघड्यावर न्यायची आणि मिस्त्रीला तिथे बोलवायचं. ओलं काही दिसत नाही, फक्त वास आहे, तर नीट बघून घेईपर्यंत टाकी अर्ध्याच्या खाली ठेवा, मुलांना मागे बसवू नका, गाडी बंद गॅरेजमध्ये किंवा घराखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये लावू नका आणि आत कोणी सिगारेट-उदबत्ती काही पेटवू नका. ड्राय पावडरचं छोटं फायर एक्स्टिंग्विशर सीटखाली असू द्या. डोकं दुखतंय ते वाफेमुळेच असणार, आणि त्या वाफेत बेंझीनसारखे घटक असतात जे लहान मुलांच्या नाकात रोज जाणं बरं नाही. परफ्यूमची बाटली लटकवली असेल तर काढून टाका, तिच्यामुळे वास लपतो आणि आपल्याला तर तो शोधायचाय.

आता कार्बोरेटर. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला कार्बोरेटरवर अजिबात संशय नाही, आणि का नाही ते सांगतो, कारण हेच सगळ्यात कामाचं आहे. कार्बोरेटरला टाकीत पाच लिटर आहे का पंचवीस लिटर आहे हे कळत नाही. त्याच्या वाटीत फ्लोट (तरंगता तुकडा) आणि नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) मिळून ठरलेलं तेवढंच पेट्रोल ठेवतात. त्यामुळे टाकी फुल केल्यावर वाढणारा आणि टाकी उतरल्यावर कमी होणारा वास पुढून येत नाही, तो टाकीच्या वरच्या भागातून येतो. वरचा भाग म्हणजे टाकीच्या डोक्यावर बसलेलं, पेट्रोलची पातळी मोजणारं फ्लोट युनिट आणि त्याचं पॅकिंग, भरायच्या नळीचा मोठा रबरी पाइप, त्याच्या शेजारचा, भरताना टाकीतली हवा बाहेर सोडणारा बारीक ब्रेदर पाइप, आणि टाकीचं झाकण. टाकी अर्धी असताना यांच्यापर्यंत पेट्रोल पोचतच नाही, फक्त वाफ पोचते. फुल असली की वळणावर, स्पीडब्रेकरवर पेट्रोल हिंदकळून थेट तिथे लागतं.

काचा खाली केल्यावर वास वाढतो हेही त्याच दिशेला बोट दाखवतं. गाडी पळताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, गाडीच्या बुडाखालची हवा तिथे घुटमळते, आणि पुढच्या काचा उघड्या असल्या की आतली हवा बाहेर ओढली जाते, मग तिची जागा भरायला मागून डिकीच्या रबरातून, फ्लोअरच्या भोकांतून हवा आत येते. त्या हवेत टाकीजवळची वाफ मिसळलेली असली की ती थेट मागच्या सीटवर. म्हणून मुलांचं डोकं आधी दुखतं आणि ड्रायव्हरला उशिरा कळतं.

माझ्याकडे वासाची गाडी आली की मी पहिल्यांदा बॉनेट उघडत नाही, मालकाला प्रश्न विचारतो. वास टाकी फुल असताना का कमी असताना? सकाळी थंड गाडीत का उन्हात उभी केल्यावर? चालताना का सिग्नलला थांबल्यावर? ब्लोअर चालू केल्यावर? पुढे का मागे? ही उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं. ज्यांना सांगता येत नाही त्यांना चार दिवस वहीत लिहायला सांगतो, आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो की सोबत कोणाला तरी घ्या. आपलं नाक काही मिनिटांत वासाला सरावतं आणि मग येत असूनही येत नाही असं वाटतं. गाडी तासभर काचा बंद करून ठेवायची, मग बाहेर मोकळ्या हवेत थांबलेल्या माणसाने येऊन एकेक दार उघडून वास घ्यायचा, पुढे पायाशी, मग मागच्या सीटवर, मग डिकीत. कुठे जास्त आहे ते तो लगेच सांगतो.

आता तुमच्या गाडीत काय क्रमाने बघायचं ते.

सगळ्यात सोपं आधी, टाकीचं झाकण. आतलं रबर कडक झालंय का, चिरलंय का, बसायची कडा गंजलीय का. बाजारात मिळणारी चावीची साधी झाकणं बऱ्याचदा नीट बसत नाहीत. झाकणाच्या आसपास पेंटवर पिवळट ओघळ असेल तर तिथून येतंय.

मग मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला जा. भरायची नळी बऱ्याच गाड्यांत तिथूनच खाली उतरते आणि पावसाळ्यातला सगळा चिखल तिच्यावर उडतो. कोकणात, मुंबईच्या किनाऱ्याजवळ वापरलेल्या गाड्यांत तर लोखंडी नळी क्लिपच्या खाली गंजून चाळण झालेली असते आणि वरून धड दिसते. रबरी पाइप हाताने वाकवून बघा, चिरा नेहमी आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला असतात. मोबाइलचा कॅमेरा व्हिडिओ चालू करून मागे सरकवला तर छान दिसतं. बारीक ब्रेदर पाइप विसरू नका. माझा अनुभव असा की मोठा पाइप सगळे बदलतात आणि ब्रेदर तसाच सोडतात, आणि वास परत येतो. उंदरांनाही हा बारीक पाइप आवडतो, पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी असेल तर दातांच्या खुणा शोधाच.

मग टाकीवरचं फ्लोट युनिट. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, काहींत डिकीच्या कार्पेटखाली, काहींत झाकणच नसतं आणि टाकी थोडी खाली उतरवावी लागते, तेव्हा तुमच्या मॉडेलला काय आहे ते बघूनच हात घाला. झाकण उघडल्यावर वासाचा भपका आला आणि युनिटभोवतीची धूळ ओली, काळपट, चिकट दिसली तर चोर सापडला. कोरडी धूळ असेल तर सुकी टिश्यू भोवती गुंडाळून ठेवा, टाकी पाऊण भरा, मिस्त्रीला घेऊन जवळच एक फेरी मारा आणि परत बघा. टिश्यू ओली झालेली दिसली तर गाडी तिथेच थांबवायची. युनिट उघडायच्या आधी टाकी उतरलेली असावी, सगळी दारं उघडी, गाडी सावलीत पण उघड्यावर, आधी भरपूर हवा खेळू द्यायची आणि मगच बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, कारण तो काढतानाच ठिणगी उडू शकते. ब्रशने भोवतीची माती साफ करा नाहीतर ती सगळी टाकीत पडणार. जुनं पॅकिंग काढून त्या जागी साधं सिलिकॉन लावून बसवणारे बरेच मिस्त्री आहेत, तसं करू देऊ नका. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि सुटतं, पंधरा दिवसांत वास परत. पेट्रोलला टिकणारं पॅकिंगच हवं, व्हायटॉन नावाच्या पेट्रोल सोसणाऱ्या रबराचं मिळालं तर उत्तम.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला अंदाज ब्रेदर किंवा भरायच्या पाइपवर आहे आणि दुसरा फ्लोट युनिटच्या पॅकिंगवर. पण गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय यापेक्षा ठाम कोणी सांगू नये. पडताळा घ्यायचा एक सोपा रस्ता आहे. टाकी अर्ध्याखाली असताना तीन-चार दिवस गाडी थोडी थोडी चालवा, वास जवळपास नाहीसा झाला तर वरचाच भाग. अर्ध्या टाकीलाही तेवढाच येत राहिला तर मात्र टाकीचा खालचा जोड, पत्र्याखालून पुढे जाणाऱ्या लोखंडी नळ्या किंवा इंजिनची बाजू बघावी लागेल. त्या नळ्या क्लॅम्पखाली गंजतात, आणि कोणी चुकीच्या जागी जॅक लावला असेल तर चेपलेल्या असतात.

एक सवयीची गोष्ट. पंपावर बंदूक आपोआप थांबल्यावर 'राउंड फिगर करा' म्हणून वर आणखी भरून घेता का? ते आजपासून बंद. पेट्रोल तापलं की फुगतं, तीस लिटर पेट्रोल 15 अंशांनी तापलं तर साधारण 400 मिली वाढतं, आणि जमिनीखालच्या टाकीतून आलेलं थंड पेट्रोल मे महिन्याच्या उन्हात तेवढं सहज तापतं. टाकीत वर जागाच ठेवली नाही तर ते नळीत आणि ब्रेदरमध्ये चढणार. धड असलेली गाडीही अशाने वास मारते, म्हणून कधी कधी दुरुस्ती एवढीच असते की काठोकाठ भरू नका.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांचा वास वेगळ्या वेळी येतो. ब्लोअर चालू केल्यावर किंवा सिग्नलला थांबल्यावर पुढून येत असेल तर इंजिनची बाजू, कारण बाहेरची हवा आत घ्यायची जागा विंडस्क्रीनच्या खालीच असते आणि बॉनेटमधली वाफ तिथून ओढली जाते. कार्बोरेटर गाडीत इंजिन बंद केल्यावर उष्णतेने वाटीतलं पेट्रोल उकळून बॉनेटजवळ काही मिनिटं हलका वास येणं स्वाभाविक आहे, केबिनमध्ये येणं स्वाभाविक नाही. कार्बोरेटर ओव्हर होत असेल, म्हणजे त्याच्या वाटीतून पेट्रोल उतू जात असेल, तर गरम गाडी पुन्हा स्टार्ट व्हायला त्रास देते, अ‍ॅव्हरेज पडतं, धूर काळा येतो, आणि एअर फिल्टरच्या आत पेट्रोलचा ओलावा दिसतो. तुमच्या गाडीत यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणूनही नवीन कार्बोरेटरचे पैसे घालू नका असं म्हणतो.

जुन्या यांत्रिक फ्युएल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल बाहेर गळतं किंवा आत इंजिन ऑइलमध्ये जातं, आणि आत जाणारं जास्त घातक कारण बाहेर काही दिसत नाही. डिपस्टिक काढून हुंगा, पेट्रोलचा वास आला आणि पातळी आधीपेक्षा वर दिसली तर गाडी बंद करा, पंप बदला आणि ऑइल-फिल्टरही बदला. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंग जातात.

एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे पंप टाकीत असतो आणि लाइनमध्ये साधारण तीन बार दाब असतो, गाडी बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो. त्यामुळे तिथे बारीकशी चीर असली तरी पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं, आणि दाब न सोडता पाइप उपटायचा नसतो. इंजेक्टरच्या ओ-रिंग (रबरी कडी), इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरचा, म्हणजे फ्युएल रेलवरचा जोड, फिल्टरचे दोन्ही जोड बघा. प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून बघा, तिच्यात पेट्रोल असेल तर आतला पडदा गेलाय. आणि या गाड्यांत वाफ पकडायला कोळशाचा डबा असतो, कॅनिस्टर म्हणतात, तो राउंड फिगरच्या सवयीने पेट्रोलने भिजला की कामातून जातो.

सीएनजी किट लावलेली जुनी कार्बोरेटर गाडी असेल तर पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये बसवलेला पेट्रोलचा सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारा) व्हॉल्व्ह बघायला विसरू नका. गाडी गॅसवरच चालते, पेट्रोलचे पाइप महिनोन्महिने वापरात नसतात, कोरडे पडून चिरतात, आणि त्या व्हॉल्व्हचे जोड गळतात. गॅसचा वास वेगळा, सडक्या अंड्यासारखा किंवा कुजलेल्या कोबीसारखा असतो, तो आला तर पेट्रोल शोधत बसू नका, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून किटवाल्याकडे जा.

आणि डोळे चुरचुरणारा जळका वास असेल तर तो सायलेन्सरचा, पुरतं न जळलेल्या पेट्रोलचा धूर आहे, त्याचा जोड आणि डिकीचं रबर बघा. त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो ज्याला स्वतःचा वास नसतो, म्हणून ते ढकलत ठेवण्यासारखं नाही.

आता पाइप कुठला घ्यायचा. इथेच बहुतेक दुरुस्त्या वाया जातात. दुकानात 'पेट्रोल पाइप द्या' म्हटलं की जे हातात येईल ते देतात, कधी पारदर्शक प्लास्टिकचा, जो इंजिनच्या उष्णतेने काही महिन्यांत काचेसारखा कडक होतो आणि तुटतो. पाइपवर छापलेलं वाचा. एसएई जे30 आर6 किंवा आर7 (पेट्रोल पाइपच्या मानकाचे प्रकार) लिहिलं असेल तर तो कार्बोरेटर गाडीच्या कमी दाबाच्या लाइनला चालतो. एमपीएफआयच्या दाबाच्या लाइनला आर9 लागतो, त्याच्या आत फ्लोरोइलॅस्टोमरचा, म्हणजे व्हायटॉनच्या जातीच्या रबराचा थर असतो. मी हल्ली कार्बोरेटर गाडीलाही आर9 च लावायला सांगतो, थोडा महाग पडतो पण वाफ कमी झिरपते आणि इथेनॉलला टिकतो. कारण जून 2022 पासून आपल्याकडे पेट्रोलमध्ये सरासरी 10 टक्के इथेनॉल झालं, फेब्रुवारी 2023 मध्ये ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) विक्रीला सुरुवात झाली आणि 2025 पर्यंत बहुतेक पंपांवर तेच मिळायला लागलं. 1998 च्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. जुन्या रबराला ते फुगवतं, मऊ करतं किंवा चिरतं, कोणत्या गाडीत किती ते त्या रबरावर अवलंबून. म्हणून माझं मत असं की मूळ पाइप अजून तसेच असतील तर गळणारा एक बदलून थांबू नका, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे रबरी तुकडे एकदाच बदला, जाणारी लाइन, परतीची लाइन आणि वाफेची लाइन, तिन्ही. सामानाचा खर्च मजुरीपेक्षा कमीच येतो. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला जुन्या गाड्यांचं सामान मिळतं, जुना तुकडा सोबत न्या म्हणजे आतला व्यास चुकणार नाही. टाकीत बुडून राहणाऱ्या पाइपला मात्र वेगळा लागतो, आर10, साधा पाइप टाकीत बुडवला तर बाहेरून विरघळतो.

क्लिपही नीट घ्या. खाचा पडलेल्या साध्या जुबिली क्लिपच्या कडा बारीक पाइपला कापतात, गुळगुळीत कडेची छोटी फ्युएल क्लिप मिळते ती लावा आणि पिळून पिळून आवळू नका. नळीचं टोक गंजलेलं, खरखरीत असेल तर आधी बारीक पॉलिश पेपरने साफ करा, नाहीतर नवीन पाइपही तिथूनच झिरपणार.

टाकीच गंजून भोक पडलं असेल तर एम-सीलने दोन दिवस निघतील पण त्यावर प्रवास करू नका. टाकीला वेल्डिंग करून देतो म्हणणारा भेटला तर तो टाकी कशी धुणार हे आधी विचारा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची असते, आत नुसती वाफ आणि हवा असते आणि एका ठिणगीला स्फोट होतो. चांगली सेकंडहँड किंवा नवीन टाकी मिळत असेल तर तीच घ्या. आणि गळती शोधायला कंप्रेसरची हवा टाकीत कोणालाही मारू देऊ नका, टाकी तेवढ्या दाबासाठी नसते, फाटते. तोंडाने पेट्रोल ओढायचं तर नावच काढू नका, फुफ्फुसात गेलं तर माणूस दगावू शकतो.

गळती मिटली की आत यायचा रस्ताही बुजवा. डिकीच्या दाराचं रबर कडक झालं असेल तर बदला. कागदाची पट्टी रबरात धरून डिकी लावा आणि ओढून बघा, सहज निघाली तर तिथे फट आहे. वायर जिथून फ्लोअरमधून जातात तिथली रबरी बुचं, फ्लोट युनिटवरच्या झाकणाखालचं पॅकिंग, टेललाइटचं रबर हेही बघा. क्रम मात्र उलटा करू नका. आधी फटी बुजवल्या आणि गळती तशीच राहिली तर वास कमी होईल, आपण निर्धास्त होऊ, आणि पेट्रोल पत्र्याखाली गळतच राहील.

दुरुस्तीनंतर इंजिन चालू करून टॉर्चने प्रत्येक जोड बघा, टिश्यू फिरवा, दहा मिनिटांनी परत बघा. मग टाकी बंदूक थांबेपर्यंत भरा, त्यावर थेंबही नाही, दोन-चार स्पीडब्रेकर आणि एखादं वळण घेऊन या आणि मागच्या चाकाजवळ परत हात लावून बघा. आत पेट्रोल सांडलं किंवा झिरपलं असेल तर कार्पेट आणि खालचा फोम वास धरून ठेवतो. तो काढून दोन-तीन दिवस उन्हात टाका, खालचा पत्रा साबणाच्या पाण्याने पुसा, तोवर गाडी कार्पेटशिवाय चालवली तरी काही बिघडत नाही. कार्पेट बाहेर असताना वास शून्य आणि परत टाकल्यावर येत असेल तर गळती नाही, फोमच बदलायचा राहिलाय.